काच पुसायची तर आधी हात मोजा, मग पोल

पावसाळा ओसरला की काचा धुऊन देण्याच्या कामाला उधाण येतं. दोन-चार महिन्यांची चिकट धूळ, समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतींवर मिठाचा थर, शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटचे शिंतोडे. दसरा-दिवाळीच्या आत सगळ्यांनाच काच लख्ख हवी असते. हे काम नव्याने धरणारी माणसं वायपरचं रबर कोणतं, साबण कोणता, याची बारीक चौकशी करतात. हातमोजे आणि पोल मात्र दुकानात समोर दिसतील ते उचलतात. हातमोजे ‘फ्री साइज’चे आणि पोल ‘सगळ्यांत लांब असेल तो’. माझ्या मते या धंद्यात पैसे वाया जाण्याची आणि अंग दुखावण्याची सुरुवात इथूनच होते. पोल पेलायचा तो हातमोज्यातल्या हाताने, म्हणून या दोन वस्तूंची निवड एकत्रच करावी लागते.

आधी हाताचं बघू. हातमोजे म्हणजे ॲसिडसाठी, साध्या साबणाच्या पाण्याला कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण रोज काच पुसणाऱ्याचा हात बिघडवतं ते हेच साधं साबणपाणी. भांड्यांच्या साबणाचे चार थेंब बादलीत असतात. काचेवरचा तेलकटपणा काढणं हे त्यांचं काम, आणि कातडीवरचं तेलही ते तितक्याच इमानाने काढतात. आधी हात कोरडे पडतात, मग बोटांच्या पेरांवर भेगा जातात, खाज सुटते. एकदा का त्या भेगांमधून साबण आणि धूळ आत गेली की तो त्वचादाह महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. जर्मनीतल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांनी रोज दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहणं हा त्वचेला धोका मानला आहे. त्याच नियमांनी पाणी न झिरपणाऱ्या हातमोज्यांत घालवलेला वेळही ‘ओल्या कामा’त धरला होता. कारण उघड आहे. मोज्यातला हात घामाने भिजतो, आणि घामात उकडलेली कातडीही हळवी होते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको.

म्हणून रबरी हातमोजे दिवसभर चढवून ठेवू नका. आत पातळ सुती मोजे घाला, दिवसाला त्यांच्या दोन-तीन जोड्या जवळ ठेवा आणि ओले झाले की बदला. अर्ध्या-पाऊण तासाने हातमोजे काढून हात पुसा, वारा लागू द्या. रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळा. कामाच्या आधी मात्र तेल नको. तेलाने लॅटेक्सचं रबर खराब होतं आणि पोलही निसटतो.

दुकानात प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. घरात भांडी घासायला वापरतात ते लॅटेक्सचे. हे मऊ असतात आणि पकड चांगली देतात, पण काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. हातमोजे घातल्यावर मनगटापर्यंत गांधी उठत असतील तर साबणाला दोष देण्याआधी हातमोजे बदलून बघा. दुसरे नायट्राइलचे. यांच्याने ती ॲलर्जी होत नाही, तेल-सॉल्व्हंटला ते टिकतात आणि सहज टोचून फाटत नाहीत. तिसरे पीव्हीसीचे, जाड आणि स्वस्त. त्यांत बोटं वळत नाहीत. ते बादल्या उचलायला ठीक, वायपर चालवायला नकोत. रोजच्या कामाला मी जाडसर, तळव्यावर खवले उठवलेले नायट्राइलचे हातमोजे घ्यायला सांगेन. डॉक्टरांकडे दिसतात ते एकदाच वापरायचे पातळ निळे हातमोजे आतली एखादी काच पुसायला चालतील. पण खिडकीच्या पत्र्याच्या कडेला घासले की ते फाटतात आणि आत शिरलेलं पाणी दिवसभर तिथेच राहतं. त्यापेक्षा उघडा हात बरा, निदान तो वाळतो तरी.

आता माप. उजव्या हाताच्या तळव्याभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या मुळांच्या जरा खाली टेप गुंडाळा. येईल तो इंचांचा आकडा म्हणजेच तुमचा नंबर : ७ म्हणजे लहान, ८ मध्यम, ९ मोठा, १० त्याहून मोठा. मधलं माप आलं तर वरचा नंबर घ्या. बाजारातला ‘फ्री साइज’ बहुधा पुरुषाच्या मोठ्या हाताच्या मापाचा असतो. हाऊसकीपिंगमध्ये कितीतरी बायका आहेत आणि त्यांच्या हाताला बहुधा सहा-सात नंबरच लागतो. बोटांची टोकं रिकामी लोंबत असली की पोल धरायला दुप्पट जोर लावावा लागतो. दिवसाअखेर मनगट आणि कोपर का भरून येतं, याचं उत्तर बऱ्याचदा त्या रिकाम्या टोकांत असतं. घट्ट हातमोजेही तितकेच वाईट, कारण प्रत्येक वेळी मूठ मिटताना रबराशी झगडावं लागतं.

लांबीही बघा. घरगुती हातमोजे साधारण ३० सेंटीमीटरचे असतात, म्हणजे मनगटाच्या थोडे वर येतात. हात खाली ठेवून काम करायचं असेल तर तेवढे पुरतात. पण काच पुसताना हात डोक्याच्या वर जातो आणि काचेवरचं काळं पाणी पोलवरून ओघळत कोपरापर्यंत येतं. ३५ ते ४० सेंटीमीटरचे हातमोजे घ्या आणि वरची कड दोन बोटं बाहेरच्या बाजूला दुमडा. त्या पन्हळीत पाणी अडतं. ती मधूनमधून बादलीत रिकामी करायची, एवढंच. अंगठ्या, बांगड्या आधी काढून ठेवा.

वाळलेला सिमेंट किंवा रंग ब्लेडच्या स्क्रेपरने काढायचा असेल तर रबराच्या आत विणलेले, कापरोधक हातमोजे घाला. युरोपीय मानक ईएन ३८८ मध्ये कापण्याला टिकाव किती, हे ए ते एफ अशा अक्षरांनी दाखवतात. एफ सगळ्यांत टणक. ती खूण पाकिटावर शोधा. स्क्रेपर काचेवर लावण्याआधी ती टफन केलेली आहे का, हेही विचारून घ्या. अशा काचेच्या पृष्ठभागावर कधीकधी भट्टीतले बारीक कण चिकटलेले असतात. ब्लेडखाली ते सुटले की अख्ख्या काचेवर रेघा ओढतात, आणि भरपाई तुमच्याकडून मागितली जाते.

कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नका. तिची पूड श्वासात गेली की फुप्फुसांना त्रास होतो. आधी पाणी मारून भिजवा, तोंडावर मास्क लावा, मग हात घाला.

ॲसिडचं मात्र नीट ऐका. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले की हटत नाहीत. पांढरं व्हिनेगर लावून दहा मिनिटं थांबलं तर नवे डाग सुटतात. जुने सुटत नाहीत, आणि मग कुणीतरी मोरीत वापरतात त्या ॲसिडची बाटली आणतं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियमच्या चौकटीचा रंग उडवतं. ब्लीचशी त्याचा संबंध आला तर क्लोरीन वायू सुटतो. त्याहून घातक गोष्ट म्हणजे डाग आणि गंज काढणाऱ्या काही तयार द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते पातळ हातमोज्यांतून आत जातं, कातडीतून खोल उतरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. सौम्य द्रावण असेल तर दुखायला लागेपर्यंत काही तास उलटलेले असतात. लेबलवर ‘फ्लोराइड’ दिसलं तर ती बाटली नवख्याने उघडूच नये. अंगावर उडालंच तर भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल चोळायची आणि दुखत नसलं तरी तडक दवाखान्यात जायचं. लेबलच नसलेली, सुटी भरून दिलेली बाटली तर घ्यायचीच नाही.

आता पोल.

गरज भागवणारा सगळ्यांत आखूड पोल हाच चांगला पोल. हे पटत नसेल तर सहा मीटरचा पोल पूर्ण उघडून, टोकाला भिजलेला स्लीव्ह (काचेला साबणपाणी लावायचा कापडी बोळा) लावून, जमिनीला समांतर धरून बघा. स्लीव्हमध्ये अर्धा लिटर पाणी सहज असतं. ते सहा मीटर लांब गेल्यावर मनगटाला जो पीळ बसतो तो पाण्याच्या वजनाचा नव्हे, अंतराचा असतो. लांब पोल वाकतो, टोक डुलतं, वायपरचं रबर काचेला सारखं टेकत नाही आणि रेघा राहतात. त्या काढायला परत हात मारावा लागतो.

किती लांब लागेल हे दुकानात नव्हे, इमारतीखाली उभं राहून ठरवा. आपल्याकडच्या साध्या बंगल्याचा किंवा रो-हाऊसचा हिशेब असा : जोतं दीड फूट, मजल्याची उंची दहा फूट, खिडकीचा वरचा काठ फरशीपासून सात फुटांवर. म्हणजे तळमजल्याच्या काचेचा माथा जमिनीपासून साडेआठ फुटांवर, पहिल्या मजल्याचा साडेअठरा फुटांवर आणि दुसऱ्याचा साडेअठ्ठावीस फुटांवर येतो. पोलचं खालचं टोक तुमच्या कमरेपाशी, साधारण तीन फुटांवर असतं, ते वजा करा. पोल सरळसोट उभा धरता येत नाही, सत्तर अंशांच्या आसपास तिरका धरावा लागतो. म्हणून उरलेल्या उंचीत तिचाच सोळावा हिस्सा मिळवा. पहिल्या मजल्यासाठी साडेपंधरा फूट अधिक एक, म्हणजे साडेसोळा फूट. वायपरचं डोकं थोडं अंतर भरून काढतं, तरीही १६ फुटी पोल टोकावर कुरकुरणार. इथे १८ किंवा २० फुटी घ्यावा आणि तो कधीच पूर्ण उघडू नये. प्रत्येक नळी मागच्या नळीत निदान वीतभर राहिली पाहिजे. थांबण्याची खूण नसेल तर मार्करने स्वतः करून घ्या.

या हिशेबाला आपल्या इमारती एक खोडा घालतात, तो म्हणजे छज्जा. खालच्या खिडकीवरचा दीड-दोन फूट पुढे आलेला छज्जा ओलांडून पोल वरच्या काचेला टेकवायचा असतो. भिंतीजवळ उभं राहिलं तर पोल छज्ज्याला अडतो आणि काचेचा खालचा पट्टा सुटतो. मागे सरकलं की पोल अधिक तिरका होतो, आणि मग तो फूट-दोन फूट लांब हवा. शिवाय मागे सरकायला जागा हवी. तिथे मोटारसायकली, कुंड्या, गटाराचं झाकण असतं. वर बघत मागे सरकणाऱ्या माणसाला हे काही दिसत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी पायाखालचा दोन मीटरचा पट्टा मोकळा करून घ्या. वायपरला वाकडं करता येणारं डोकं असेल तर छज्ज्याशी भांडण बरंच कमी होतं. मानेलाही आराम मिळतो, कारण भिंतीपासून दूर उभं राहिलं की मान कमी मोडावी लागते.

दुसऱ्या मजल्याला याच हिशेबाने सत्तावीस फूट पोल लागतो. माझा सल्ला सरळ आहे : तिथे स्लीव्ह आणि वायपर विसरा. तेवढ्या उंचीवर आतून पाणी वाहणारा ब्रशचा पोल चालतो, ज्यात काच पुसायचीच नसते, नुसती धुऊन वाळू द्यायची असते. त्यासाठी पाणी क्षारमुक्त हवं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. काच वाळून डाग न दिसण्यासाठी मात्र तो आकडा शून्याजवळ लागतो, दहाच्या वर गेला की ठिपके उमटू लागतात. घरच्या आरओचं पाणीही बहुधा या परीक्षेत नापास होतं. रेझिनचा फिल्टर जोडावा लागतो. एवढी गुंतवणूक सुरुवातीला नको. सुरुवातीला तळमजला आणि पहिला मजला धरा, बाकीचं काम दुसऱ्याला द्या.

विकत घेताना दोन पोल घ्या. एक चार किंवा आठ फुटी, दोन नळ्यांचा, आणि दुसरा १८-२० फुटी, तीन नळ्यांचा. आठवड्यातलं बहुतेक काम पहिल्यावरच होतं. लांब पोल बंद केल्यावर किती फूट उरतो, हे दुकानातच मोजा. तीन नळ्यांचा २० फुटी पोल मिटूनही सात फुटांहून जास्त राहतो. तो लिफ्टमध्ये शिरत नाही, रिक्षात मावत नाही आणि मोटारसायकलवर आडवा धरून नेणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. कुलूप फिरवून घट्ट करायचं की खटक्याचं, यातही निवड आहे. फिरवायचं कुलूप साबणाच्या हातमोज्यांतून घसरतं आणि अर्धवट घट्ट राहतं. मी खटक्याचंच घेईन. पण दुकानात हातमोजे घालूनच ते उघडून-मिटवून बघा. नुसत्या हाताने सगळेच खटके सोपे वाटतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा हार्डवेअरच्या बाजारात हातात घेऊन बघायला मिळतं. ऑनलाइन घेताना हीच सोय हुकते.

पूर्ण लांबी लागणार असेल तर पोल उभा धरून आधी सगळ्यांत वरची, बारीक नळी उघडा, मग खालची. उलट केलंत तर वरचं कुलूप हाताबाहेर जातं. अर्धीच लांबी पुरणार असेल तर बारीक नळी आतच राहू द्या, जाड नळी कमी वाकते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ॲल्युमिनियमचा पोल दुपारी उन्हात ठेवून परत हातात घेतला तर चटका बसतो, आणि तापलेल्या काचेवर साबण वायपर पोचायच्या आत वाळतो. तिकडे काम सकाळीच उरका. पश्चिमेच्या काचा आधी, पूर्वेच्या शेवटी.

पोल उचलण्याआधी वर बघा, वायर कुठे आहे ते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ११,००० व्होल्टपर्यंतची उघडी तार इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर असावी, असं म्हटलं होतं. १.२ मीटर म्हणजे चार फूट. नियम काटेकोर पाळलेला असला तरी सहा मीटरचा पोल तिरका धरणाऱ्यासाठी ते अंतर काहीच नाही. ॲल्युमिनियम वीज वाहतं. महागडं, हलकं कार्बन फायबरही वाहतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. फायबरग्लास कोरडा आणि स्वच्छ असेपर्यंतच सुरक्षित. तुमचा पोल तर ओला आणि मळकट असणार. रबरी हातमोजे घातलेत म्हणून शॉक लागणार नाही, ही समजूतही चुकीची आहे. विजेच्या कामाचे हातमोजे वेगळे असतात, त्यांची ठरावीक व्होल्टला चाचणी झालेली असते. तार जवळ असेल तर त्या बाजूच्या काचा वीजपुरवठा बंद करवून घेतल्याशिवाय करू नका. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ द्या.

फ्लॅटमधली गोष्ट निराळी आहे. तिथे लांब पोल उपयोगाचाच नाही. सरकत्या खिडकीची एक काच उघडून दुसरीची बाहेरची बाजू पुसायची असते. पाच फुटी खिडकीत ती काच अडीच फूट रुंद. खांदा आत ठेवूनही हात दोन फूट बाहेर जातो, म्हणजे दीड-दोन फुटी, मान वाकणारा वायपर पुरतो. त्याहून लांब घेतला की तो बाहेरच्या ग्रिलला आपटत राहतो. वायपरच्या मुठीला दोरी बांधून दुसरं टोक मनगटाला नव्हे, ग्रिलला बांधा. दहाव्या मजल्यावरून, म्हणजे तीस मीटरवरून सुटलेली वस्तू अडीच सेकंदांत खाली येते, तेव्हा तिचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो.

आणि ग्रिल नसेल तर? सिंगापूरने २०१२ मध्ये परदेशी घरकामगारांबाबत नियम केला : बाहेरची काच पुसून घ्यायची तर ग्रिल कुलूपबंद हवी आणि मालक किंवा घरातलं मोठं माणूस समोर हवं. तळमजल्याची किंवा सामाईक व्हरांड्यावर उघडणारी खिडकी तेवढी याला अपवाद. हाँगकाँगने २०१७ पासून घरकामगारांच्या करारातच कलम घातलं, की खिडकीबाहेर कामगाराच्या हातांखेरीज शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये. दोन्हीकडे आधी घरकामाच्या बायका पडून मेल्या, मग नियम आले. आपल्याकडेही खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहून, एका हाताने चौकट धरून काच पुसणारी बाई कुठल्याही टॉवरमध्ये दिसते. हाँगकाँगचं ते कलम आपल्या घरात लागू करायला सरकारची वाट बघावी लागत नाही. आतून, दीड फुटी वायपरने जेवढी काच पुसली जाते तेवढीच पुसून घ्यायची. उरलेली वर्षातून एकदा दोरीवर उतरणाऱ्या, पूर्ण अंगाचा हार्नेस घालणाऱ्या, प्रशिक्षित माणसांकडून करून घ्यायची.

सोसायटीच्या कमिटीने दिवाळीच्या सफाईचं सामान मागवताना इतकं जरूर करावं : काम करणाऱ्यांना बोलावून प्रत्येकाच्या तळव्याचं माप घ्यावं, ज्याच्या-त्याच्या नंबरचे हातमोजे नावानिशी मागवावेत, आणि ग्रिल नसलेल्या खिडक्यांची यादी नोटीस बोर्डावर लावून त्या बाहेरून पुसायला, दोरीवर उतरणारी प्रशिक्षित माणसं सोडून, कुणालाही सांगू नये, असं खाली लिहावं.